इंग्लंडची नॉर्दर्न लीग: खाणींच्या गावांचा फुटबॉल आणि न चढलेली शिडी

उत्तरेचा पाहुणा

नमस्कार मंडळी,

ईशान्य इंग्लंडमधल्या डरहॅम काउंटीत राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात शेजारचे आजोबा दारात येऊन म्हणाले, "शनिवारी मॅचला येतोस?" मला वाटलं न्यूकॅसल नाहीतर संडरलंड. मनातल्या मनात तिकिटाचे पैसेही मोजून झाले. गाडी थांबली ती टो लॉ नावाच्या खेड्यात, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या मैदानाशी. वारा असा की कॉर्नर मारायला ठेवलेला चेंडू जागेवर राहीना. प्रेक्षक दोनशेही नसतील. पण दाराशी तिकीट देणारी बाई आजोबांना नावाने हाक मारत होती, आणि चहा देणाऱ्या गृहस्थांचा मुलगा डाव्या बगलेवरून खेळत होता. याच टो लॉकडून ख्रिस वॅडल १९८० साली हजार पौंडांत न्यूकॅसलला गेला. तोवर तो सॉसेजचा मसाला बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. पुढे इंग्लंडकडून वर्ल्ड कप खेळला.

टो लॉ ज्या लीगमध्ये वाढलं ती नॉर्दर्न लीग १८८९ ची. इंग्लंडची फुटबॉल लीग १८८८ ची, म्हणजे आजही चालू असलेल्या लीगांमध्ये ही वयाने जगात दुसरी. पहिल्या वर्षी तिच्यात डार्लिंग्टन, मिडल्सब्रो, स्टॉकटन, न्यूकॅसल ईस्ट एंड असे संघ होते. विजेता ठरला डार्लिंग्टन सेंट ऑगस्टिन्स. न्यूकॅसल ईस्ट एंडचंच १८९२ मध्ये न्यूकॅसल युनायटेड झालं. मोठी गावं पगारी फुटबॉलकडे गेली, आणि १९०६ पर्यंत ही लीग पूर्णपणे हौशी होऊन बसली. मागे राहिली ती कोळशाची गावं: बिशप ऑकलंड, क्रूक, विलिंग्टन, वेस्ट ऑकलंड. त्यांनी पुढची साठ-सत्तर वर्षं देशातला हौशी फुटबॉल गाजवला.

आता माझा प्रश्न. १९७९ नंतर इंग्लंडमध्ये लीगांची शिडी बांधली गेली. खालचा संघ जिंकला की वर, वरचा हरला की खाली. नॉर्दर्न लीगने या शिडीत यायला नकार दिला आणि १९९१ मध्ये आली तोवर वरच्या पायऱ्या भरल्या होत्या. आज तिचा पहिला विभाग देशात नवव्या पायरीवर आहे, दुसरा दहाव्या. आजोबा म्हणतात, "आम्ही आमचे राहिलो, तेच बरं झालं." मला ते पटतं, पण पूर्ण पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

डावा पाय

चूक. सरळ चूक. ज्या लीगच्या संघांच्या अंतिम सामन्यांना लंडनचं वेम्बली मैदान भरत होतं, ती आज नवव्या पायरीवर उभी आहे. यात अभिमान कसला? हा हट्ट होता.

परळची पोर

वाचते आहे. "कोळशाची गावं" हे शब्द वाचून थांबले. माझे आजोबा गिरणीत होते. कबड्डीचा संघ चाळीचा, पण खेळाडू सगळे खात्यातले: कुणी साच्यावर, कुणी सूतखात्यात. पाळी सुटली की मैदान. पाहुणेदादा, खाणीतली माणसं पाळी सांभाळून खेळायची कशी, ते लिहा ना जरा.

जुना गोलकीपर

छान धागा. मी ऐंशीच्या दशकात कामानिमित्त काही वर्षं मिडल्सब्रोला होतो. तिथल्या म्हाताऱ्यांकडून १९५४ च्या हौशी चषकाच्या अंतिम सामन्याची गोष्ट इतक्या वेळा ऐकली की आपणच हजर होतो असं वाटायला लागलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) अमॅच्युअर कप, म्हणजे देशभरच्या हौशी संघांची बाद फेरी. १९५४ चा अंतिम सामना क्रूक टाऊन विरुद्ध बिशप ऑकलंड. दोन्ही गावांत अंतर पाचसहा मैलांचं. वेम्बलीला एक लाख माणूस! दोन्ही गावं मिळूनसुद्धा त्याच्या जवळपास भरत नाहीत. २-२ बरोबरी. पुन्हा सामना न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर, पुन्हा २-२. तिसरा सामना मिडल्सब्रोच्या एअरसम पार्कवर, आणि तिथे क्रूकने १-० ने कप नेला. क्रूकने हा कप एकूण पाच वेळा जिंकला (१९०१, १९५४, १९५९, १९६२, १९६४) आणि अंतिम सामना एकदाही हरले नाहीत.

बिशप ऑकलंडचं उलटं. अठरा वेळा अंतिम सामन्यात, दहा वेळा विजेते. १९५० मध्ये शेजारच्या विलिंग्टनने त्यांना वेम्बलीवर ४-० असं धुतलं. १९५१ ला पेगासस या ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या संघाकडून हरले. १९५४ ला क्रूककडून हरले. आणि मग १९५५, ५६, ५७ असा सलग तीनदा कप. चार वर्षांत तीन अंतिम सामने हरून पुन्हा उभं राहायचं आणि ओळीने तीन कप न्यायचे. मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

@परळची पोर: खाणीत पाळ्या असायच्या. मित्रांनी पाळ्या बदलून घ्यायच्या आणि खेळणाऱ्याने शनिवारी दुपारपर्यंत वर यायचं, असं तिथले लोक सांगत. पण सगळेच खाणीत नव्हते हं. बिशपच्या संघात शाळामास्तर बरेच होते. शेमस ओकॉनेल हा त्यांचा पुढचा खेळाडू गुरांचा व्यापार करायचा. हौशी म्हणूनच तो चेल्सीकडूनही उतरला. ऑक्टोबर १९५४ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पहिल्याच सामन्यात तीन गोल, तरी चेल्सी ५-६ हरली. त्या मोसमात चेल्सी लीग जिंकली आणि बिशपने हौशी कप जिंकला. दोन्हीकडे हा पठ्ठ्या होता.

पंचगंगा

वा गोलकीपरकाका, वा! दोन शेजारच्या गावांचा सामना आणि एक लाख माणूस. आमच्या कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ भिडले की शाहू स्टेडियमवर जे होतं, ते आठवलं. आमच्याकडे संघ तालमीचे. पेठेतल्या पोराने दुसऱ्या पेठेकडून खेळायचं ठरवलं की घरात दोन दिवस चूल शांत. तिकडेही असंच असणार.

उत्तरेचा पाहुणा

@पंचगंगा, अगदी असंच! आजोबांचं माहेर (त्यांचाच शब्द भाषांतर करून लिहितोय, ते "आईचं गाव" म्हणतात) क्रूक आणि वडिलांचं गाव बिशप. १९५४ च्या त्या तीन सामन्यांच्या काळात आपल्या आईवडिलांनी एकमेकांशी फुटबॉल सोडून सगळ्या विषयांवर बोलायचं ठरवलं होतं, असं ते सांगतात.

निळासावळा

बिशपचा विषय निघालाच आहे तर म्युनिकचं कुणीच कसं लिहिलं नाही? फेब्रुवारी १९५८ मध्ये म्युनिकच्या विमान अपघाताने मँचेस्टर युनायटेडचा संघ उद्ध्वस्त झाला. राखीव खेळाडूंना मुख्य संघात घ्यावं लागलं, मग राखीव संघात खेळायला माणसं कुठून आणायची? तेव्हा बिशप ऑकलंडमधून तिघे मदतीला गेले: बॉब हार्डिस्टी, डेरेक लेविन आणि वॉरन ब्रॅडली. हार्डिस्टीची तर कारकीर्द संपत आली होती. पण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो ब्रिटनच्या संघात होता आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते मॅट बझबी, म्हणजेच मँचेस्टर युनायटेडचे व्यवस्थापक. जुन्या साहेबांवर वेळ आली म्हटल्यावर गडी पुन्हा बूट बांधून उभा राहिला.

ब्रॅडली पेशाने शिक्षक. तो युनायटेडच्या मुख्य संघात पोचला आणि १९५९ मध्ये इंग्लंडच्या पूर्ण संघाकडून तीन सामने खेळला. हौशी इंग्लंडकडून तो आधीच खेळलेला होता. "हौशी म्हणजे कच्चा" असं कुणी म्हणालं की मी या माणसाचं नाव घेतो.

स्मिता डी

सगळं वाचून डोळे भरून आले खरे, पण दुसरी बाजू लिहायलाच हवी. हौशीपणा हा नियम मुळात कुणाच्या सोयीचा होता? ज्यांच्या घरात खायला आहे त्यांच्या. मोठ्या खासगी शाळांमधून शिकून आलेले साहेब "पैशासाठी खेळणं कमीपणाचं" म्हणू शकत होते. खाणीतल्या माणसाची शनिवारची अर्धी पाळी बुडाली की मजुरी बुडायची. त्याला प्रवासखर्च द्यायचा की नाही, चहापाण्याचे पैसे द्यायचे की नाही, यावर संघटना कागद तपासत बसायची. १९२० च्या दशकाच्या शेवटी क्रूकवर याच कारणाने कारवाई झाली आणि प्रकरण पसरत जाऊन डरहॅममधल्या तीनशेहून अधिक खेळाडूंवर बंदी आली. तीनशेहून अधिक! तेही चहापाण्याच्या नावाखाली दिलेल्या चिल्लर रकमांसाठी.

त्या साहेब मंडळींचा गंड मोडला तोही याच लोकांनी. हौशी कपच्या दुसऱ्याच वर्षी, १८९५ मध्ये, मिडल्सब्रोने ओल्ड कार्थुजियन्स या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला २-१ हरवलं. पुढच्या वर्षी बिशप जिंकलं. १९०७ मध्ये साहेबांनी वेगळी चूल मांडली, स्वतःची निराळी हौशी संघटना काढली.

तेव्हा "हौशी" या शब्दाला नुसतं ओवाळू नका. कामगाराने तो शब्द साहेबाच्या हातातून हिसकावून आपला केला, त्याचं मला कौतुक आहे.

जुना गोलकीपर

@स्मिता डी: मान्य. हौशी खेळाडूच्या बुटात गुपचूप नोट ठेवायची पद्धत सगळीकडे होती, ते लपून राहिलेलं नाही. म्हणूनच १९७४ मध्ये एफएने हौशी आणि पगारी हा भेदच काढून टाकला आणि हौशी कपही त्याच वर्षी संपला. पण बिशपच्या माणसांना विचारलंत तर ते म्हणतील, कप गेला तेव्हा आमचं अंगणच गेलं. दोन्ही खरं आहे.

हौसे गवसे नवसे

आपल्याकडे जत्रेला येतात हौसे, गवसे आणि नवसे. इथे हौसे खेळायला, नवसे कप मागायला, आणि गवसे बुटात काय गवसतं ते बघायला :)

परळची पोर

@हौसे गवसे नवसे, हसले खूप. आयडी सार्थकी लागला.

डावा पाय

वेस्ट ऑकलंडचं अजून कुणी लिहिलं नाही? माझा मुद्दा मी सोडलेला नाही, पण ही गोष्ट राहून गेली तर धागा अपुरा राहील.

१९०९. सर थॉमस लिप्टन, चहावाले लिप्टनच ते, यांनी इटलीत तुरिनला आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठेवली. जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली आणि इंग्लंड. इंग्लंडकडून गेलं वेस्ट ऑकलंड, खाणकामगारांचं खेडं, लीगमध्येही फार वरचं नाही. पदरमोड करून गेले. स्टुटगार्टच्या संघाला २-०, मग अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या विंटरथूरला २-०. दोन वर्षांनी, १९११ मध्ये, पुन्हा गेले, झुरिकला हरवलं आणि अंतिम सामन्यात युव्हेंटसला ६-१. होय, तेच युव्हेंटस. पहिल्या वर्ल्ड कपच्या एकोणीस वर्षं आधी.

घरी आले तेव्हा क्लब कर्जात बुडालेला. चषक गावच्या हॉटेलच्या मालकिणीकडे चाळीस पौंडांपायी गहाण पडला. १९६० मध्ये गावाने शंभर पौंड जमवून सोडवून आणला. आणि १९९४ मध्ये तो चोरीला गेला. आज आहे ती प्रतिकृती.

वाचनमात्र

मी ऐकलं होतं की लिप्टनना बोलवायचं होतं लंडनच्या वुलिच आर्सेनलला (आजचं आर्सेनल), पत्रावर "डब्ल्यू ए" बघून चुकून वेस्ट ऑकलंडला बोलावणं गेलं. खरं का?

जुना गोलकीपर

ती आख्यायिका आहे, तिचा कागद कुणाला सापडलेला नाही. मला तर ती आवडतही नाही. खेड्यातली माणसं जिंकली की "चुकून गेले" म्हणायचं? एकदा चुकून गेले समजू, १९११ ला परत कोणत्या चुकीने गेले?

निळासावळा

+१ काका.

१९०९ च्या त्या संघात क्रूकचा एक पाहुणा खेळाडूही होता, जॅक ग्रीनवेल. क्रूकजवळच्या खाणवस्तीतला. पुढे बार्सिलोनाकडून खेळला, मग १९१७ पासून कित्येक वर्षं बार्सिलोनाचा प्रशिक्षक होता. क्रूक टाऊन बार्सिलोनाशी सामने खेळायला स्पेनला जायचं ते याच धाग्याने. १९३९ मध्ये त्याच्या हाताखाली पेरूने पहिल्यांदा दक्षिण अमेरिकेचं अजिंक्यपद जिंकलं. डरहॅमची खाण, बार्सिलोना, लिमा. नकाशावर रेघ ओढून बघा.

पंचगंगा

आणि भारत? इकडे कुणी आलं का कधी?

जुना गोलकीपर

आलं तर! क्रूक टाऊन १९७६ मध्ये भारताच्या दौऱ्यावर आलं होतं, कलकत्त्यात खेळलं. आपल्या पोरांनी आपल्या गावाच्या कितीतरी पट गर्दीसमोर सामना खेळला, हे क्रूकच्या लोकांना फार अप्रूप.

अवांतर होईल, पण आणखी एक. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला ब्रिटनच्या संघात बिशपचा हार्डिस्टी होता. त्यांना बल्गेरियाने ६-१ ने घरी पाठवलं. त्याच स्पर्धेत भारत चौथा आला, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४-२ च्या विजयात तीन गोल मारले नेव्हिल डिसोझाने. गोव्यात आसगावचा जन्म, फुटबॉल मुंबईचा. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. कांस्यपदकासाठी भारत हरला तोही बल्गेरियाशीच, ३-०.

आसगावकर

नेव्हिलचं नाव वाचून लॉगिन केलं. देव बरें करूं, काका. आमच्या गावात आजही म्हाताऱ्यांना त्याचं नाव सांगावं लागत नाही, पोरांना मात्र सांगावं लागतं.

स्मिता डी

मूळ प्रश्नाकडे येऊ का? पाहुणेदादा वाट बघत असतील.

@डावा पाय, तुम्ही म्हणता घसरण शिडी नाकारल्यामुळे झाली. मला वाटतं घसरण आधीच सुरू झाली होती. डरहॅमच्या पश्चिमेकडच्या खाणी साठच्या दशकात भराभर बंद झाल्या. त्याआधीच, १९५१ मध्ये, काउंटीने आपल्या नियोजनात शंभरावर गावं "ड" वर्गात टाकली होती: इथे नवीन घर नाही, नवीन खर्च नाही, गाव आपोआप संपू द्यायचं. ज्या गावाला सरकार कागदावर मरू देतं, त्या गावाचा संघ कोणती शिडी चढणार? त्यातून टीव्ही घरात आला. शनिवारी दुपारी मैदानावर येणारा माणूस कमी झाला.

डावा पाय

खाणी बंद झाल्या हे खरं. पण मग १९७८ चं ब्लाइथ स्पार्टन्स कसं समजावणार? नॉर्दर्न लीगचाच संघ. एफए कपमध्ये, म्हणजे जिथे मोठे पगारी संघही असतात तिथे, स्टोक सिटीला त्यांच्या मैदानावर ३-२ हरवलं आणि पाचव्या फेरीत पोचले. रेक्सहॅममध्ये १-० ने पुढे होते. शेवटच्या मिनिटाला कॉर्नर, तो वाचवला, पण कॉर्नरचा झेंडा पडला म्हणून पंचांनी पुन्हा मारायला लावला आणि बरोबरी झाली. गोठलेल्या जमिनीत झेंडा उभा राहीना! फेरसामना न्यूकॅसलच्या मैदानावर, प्रेक्षक बेचाळीस हजारांवर, आणि २-१ ने हरले. त्यांचा पुढचा खेळाडू ॲलन शोल्डर हा खाणीत काम करणारा होता. त्याच वर्षी त्याला न्यूकॅसलने घेतलं.

म्हणजे १९७८ मध्येही दम होता. शिडी तेव्हाच तयार होत होती. त्याच वेळी चढायला हवं होतं. बिशप ऑकलंड आणि व्हिटली बे १९८८ मध्ये कंटाळून नॉर्दर्न लीग सोडून गेले, ब्लाइथ १९९४ मध्ये. लीगने दार बंद ठेवलं म्हणून घरची माणसं खिडकीतून गेली.

परळची पोर

"घरची माणसं खिडकीतून गेली." हे वाक्य लागलं. मला बाजू घेता येत नाहीये.

निळासावळा

@डावा पाय, दाराचा मुद्दा बरोबर, पण तुम्ही पुढचं पान उलटलं नाहीत. व्हिटली बे २००० मध्ये परत आलं. बिशप २००६ मध्ये परत आलं. परत का आले? खर्च. वरच्या लीगमध्ये मंगळवारी रात्री तीन-तीन तास बस करून सामन्याला जायचं आणि बुधवारी पहाटे कामावर हजर व्हायचं.

आणि एफए व्हेज हा खालच्या पायऱ्यांवरच्या संघांचा कप बघा. २००९, १० आणि ११ असा सलग तीनदा व्हिटली बे. २०१२ ला डन्स्टन, तोही अंतिम सामना वेस्ट ऑकलंडशी, म्हणजे वेम्बलीवर पुन्हा आमचेच दोन. मग २०१३ स्पेनीमूर, २०१५ नॉर्थ शील्ड्स, २०१६ मॉर्पेथ, २०१७ साउथ शील्ड्स. नऊ वर्षांत आठ वेळा नॉर्दर्न लीग. २०१४ ला हुकला तेव्हाही हरणारा वेस्ट ऑकलंडच होता.

डावा पाय

हेच तर माझं म्हणणं! नऊ वर्षांत आठ कप म्हणजे हे संघ चुकीच्या पायरीवर अडकले होते. दहावीचा पोरगा सातवीत बसवला की पहिला येणारच. स्पेनीमूर आणि साउथ शील्ड्स वर गेले आणि नॅशनल लीगच्या उत्तर विभागापर्यंत, म्हणजे सहाव्या पायरीपर्यंत पोचले. जमलं ना?

निळासावळा

जमलं. त्यांना पैसा लावणारी माणसं मिळाली. टो लॉला कोण लावणार?

डावा पाय

हं. याला उत्तर नाही माझ्याकडे. पण फार उशीर झाला, हे मी म्हणत राहणार.

जुना गोलकीपर

भांडा, पण एक ऐका. डार्लिंग्टन १८८९ चा संस्थापक संघ. पुढे शंभरेक वर्षं मोठ्या फुटबॉलमध्ये काढली, पैशाच्या गोंधळात बुडाला, आणि २०१२ मध्ये चाहत्यांनी तो नव्याने उभा केला तेव्हा सुरुवात कुठून करायला मिळाली? नॉर्दर्न लीगमधून. एका मोसमात ती जिंकून वर गेला. शिडीत सामील झाली म्हणूनच ही लीग त्याला परत वर पाठवू शकली. म्हणजे डावा पाय यांचं बरोबर. आणि खाली कुणीतरी लीग जिवंत ठेवली होती म्हणून त्याला उभं राहायला जागा मिळाली. म्हणजे पाहुण्यांच्या आजोबांचंही बरोबर.

उत्तरेचा पाहुणा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आजोबांना धाग्यातलं बरंच वाचून, समजावून सांगितलं. "ड" वर्गातल्या गावांचं आलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या आईच्या गावाशेजारचं गाव त्या यादीत होतं. मग म्हणाले, "तुझ्या डाव्या पायाला सांग, १९७८ च्या त्या फेरसामन्याला मी होतो. आत शिरायला रांगेत दोन तास उभा होतो. त्या दिवशी मलाही वाटलं होतं, आता वर जायला हवं." सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हे ऐकलं.

येत्या शनिवारी बिशपच्या हेरिटेज पार्कला चाललोय, दोघे. २०१० पासून त्यांचं मैदान ते. आजोबा क्रूकचा मफलर घालून येणार आहेत.

पंचगंगा

क्रूकचा मफलर, बिशपच्या मैदानात? पाहुणेदादा, दोन हात लांब बसा.

डावा पाय

आजोबांना माझा नमस्कार सांगा. आणि रेक्सहॅमचा तो झेंडा खरंच पडला होता का, तेवढं विचारून या.